बाई इथे घाई करतात

रविवार, १६ नोव्हेंबर. हातात काम: उद्या सकाळी दहाच्या आत प्रयोगशाळेच्या चाळीस जुन्या रिपॉझिटरी पुसून टाकणे. रिपॉझिटरी म्हणजे प्रोग्राम ठेवायची इंटरनेटवरची कपाटं. आमच्या नव्या प्रमुखांनी शुक्रवारी यादी हातात ठेवली आणि म्हणाले, "मॅडम जी, सब पुराना कबाड है. उडा दो." चाळीसही कपाटं एकाच माणसानं लावलेली. ते आमच्याकडचे तांत्रिक अधिकारी. जूनमध्ये निवृत्त होऊन अमरावतीला लेकीकडे गेले.

वेळ वाचवण्यात इतका वेळ घालवणारा माणूस मोहालीतच काय, कुठेही सापडणार नाही. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही; निवृत्तीच्या दिवशी तो मूळ खोक्यात, वेष्टनासकट स्टोअरला परत केला आणि पावती मागितली. जे काम आम्ही दोन बटणं दाबून करायचो, ते करायला हे पडद्यावर नुसत्या अक्षरांची काळी खिडकी उघडून बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि संध्या केल्यासारखी एकेक आज्ञा पुटपुटत टाइप करत. तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा. एकदा कीबोर्ड घ्यायला त्यांच्याबरोबर चंदीगडला सेक्टर सतराच्या बाजारात जायची चूक केली. हे गृहस्थ संगणकाला न जोडलेल्या कीबोर्डांवर एकच आज्ञा पुन्हा पुन्हा बडवत, कान देऊन ऐकत होते. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, आवाज सुनके कौन लेता है?" हे शांतपणे म्हणाले, "तबला कैसे लेते हो?" सात कीबोर्ड वाजवून झाले आणि आम्ही हात हलवत परत आलो.

नावं ठेवण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. शहाणी माणसं कपाटाला एका शब्दाचं नाव देतात. यांची नावं म्हणजे 'सूक्ष्मदर्शकाची-चित्रे-तारखेवार-लावणे-दुसरा-प्रयत्न'. तीही रोमन अक्षरांत, त्यामुळे प्रयोगशाळेतली पंजाबी मुलं ती वाचताना अडखळायची आणि हे प्रेमानं उच्चार सुधारत बसायचे. मी एकदा वैतागून कारण विचारलं. त्यांच्या त्या खिडकीत कपाट पुसायला गेलं, की आधी त्याचं पूर्ण नाव टाइप करून दाखवावं लागतं, म्हणून हा खटाटोप.

"ज्याला पुसायचं, त्याचं पूर्ण नाव घेता आलं पाहिजे, बाई."

"आपण काय माणूस मारतोय?"

"नाही ना. म्हणूनच कुणी विचार करत नाही."

असल्या उत्तरांवर मी काम अडू देत नाही. त्याच खिडकीत एक खूण आहे. ती आज्ञेच्या शेवटी लावली, की खिडकी काही विचारत नाही, सरळ पुसते. त्यांनी ती मला कधी दाखवली नव्हती, मी आज दुपारी शोधून काढली. यादीतली चाळीस नावं उचलून एका दमात पुसणारी एक ओळ लिहिली. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात सदतिसाव्या नावावर नजर गेली: 'बाईंसाठी-आज्ञांची-वही'. हसायला म्हणून उघडली. प्रत्येक आज्ञा मराठीत समजावलेली, आणि समोर शेरा. 'बाई इथे घाई करतात.' 'इथे बाई न वाचता हो म्हणतात.' 'हे दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, म्हणून लिहून ठेवतो.' शेवटची नोंद जूनमधली: 'प्रश्न टाळणारी खूण बाईंना सांगितलेली नाही. सापडेलच. तेव्हा निदान यादी मोठ्याने वाचावी.'

रागारागानं यादी मोठ्यानं वाचायला लागले. आतून लेक म्हणाली, "मम्मी, किससे बात कर रही हो?"

"एका आगाऊ माणसाशी," मी म्हटलं.

चोविसावं नाव होतं 'फ्रीजर-तापल्यास-सर्वांना-कळवणे-तिसरी-खेप'. जीभ तिथेच अडली. आमच्या मोठ्या फ्रीजरचं तापमान चढलं, की आम्हा सगळ्यांच्या फोनवर जो संदेश येतो, तो पाठवणारा हाच प्रोग्राम. फ्रीजरमध्ये सगळ्यांचे वर्षानुवर्षांचे नमुने. मी अमरावतीला फोन लावला.

"फ्रीजरच्या प्रोग्रामची दुसरीकडे प्रत आहे का?"

"नाही. तो यादीत आहे काय?"

"आहे."

मग म्हणाले, "किती नावं वाचून झाली?"

"चोवीस."

"मग सोळा राहिली, बाई."

ती फोनवरच वाचून घेतली. प्रत्येक नावाला ते "हं, जाऊ द्या" म्हणत होते. वहीच्या नावालाही तसंच म्हणाले. शेवटी मी विचारलं, "तिकडे दिवसभर काय करता?"

"काही नाही. जावई माउस वापरतो."

सोमवारी सकाळी आठला ऑफिसात पोचले. प्रमुखांच्या यादीतून फ्रीजरचं आणि वहीचं अशी दोन नावं खोडली, ती एका दमात पुसणारी ओळ टाकून दिली आणि उरलेली अडतीस नावं पूर्णच्या पूर्ण टाइप करून पुसली. सव्वा तास गेला. मग वही उघडून त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ घातली: 'तीन नावे टाइप करताना चुकली. बाई घाई करत होत्या.'