क्राउन डाव्या अंगाला

गॅरेजमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्यात जुने नटबोल्ट साठतात तसे ते आपोआप साठतात आणि टाकवतही नाहीत! लालबागला बाबल मिस्त्रीच्या गॅरेजात मी वायरिंग करतो, त्यामुळे माझा डबा कायम भरलेला. त्यातले हे मानकर काकांच्या गाडीचे.

काका गिरगावचे, वय अठ्ठ्याहत्तर. गाडी लाल, दोन सीटची, विलायती स्पोर्ट्स कार. लग्नानंतर काकींना त्यांनी हिच्यातूनच घरी आणलं होतं. पुढे डिफरन्शियल गेलं, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअर, आणि गाडी कव्हरखाली गेली. शेवटी मुलाने फर्मान काढलं, "बाबा, चालती करून विका, नाहीतर भंगारात द्या." गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं, परळच्या टॉवरमधलं.

म्हणजे आम्ही हरलो तर गाडी भंगारात, जिंकलो तर परळला!

*

पहिल्या रविवारी डिफरन्शियल उघडलं. आतल्या मोठ्या चक्राचे, म्हणजे क्राउनचे, तीन दात तुटलेले. नवीन मागवायला सांगून बाबलने भिंतीवर खडूने लिहिलं, 'क्राउन डाव्या अंगाला.'

"उजव्या अंगाक बसवलो तर गाडी उलटी पळतली," तो आम्हाला म्हणाला. "फर्स्ट टाकलास की मागे!"

काकांनी एक तुटका दात आठवण म्हणून शर्टाच्या खिशात टाकला आणि विसरले. सोमवारी बाबलला काकींचा फोन, "मिस्त्री, आमचं वॉशिंग मशीन खडखडतंय. तेही पाठवू का तुमच्याकडे?"

तेव्हापासून काकींचे फोन अधूनमधून येत राहिले. बाबल बाहेर जाऊन बोलायचा.

*

नव्या क्राउनचे दात नीट टेकतात का, हे रंग लावून बघावं लागतं. बाबल त्यासाठी तेलात कालवलेला शेंदूर वापरतो. त्याने क्राउनला शेंदूर फासला आणि दाराशी उजेडात ठेवला. काका राखणीला.

जाता जाता एक आजी थांबल्या. चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. काय करावं ते न सुचून काकाही हात जोडून उभे!

बाबल आतून ओरडला, "आजी, वायच थांबा! प्रतिष्ठापना संध्याकाळी असा!"

*

मग चकत्यांचा खेळ सुरू झाला. दातांमधलं अंतर जमवायला कागदाएवढी पातळ चकती घालायची, फिरवायचं, शेंदराचा ठसा बघायचा आणि परत सगळं उघडायचं. अकरा वेळा! दर वेळी काका खुशीत, "घाई नको हं बाबल. अजून जरा बाजूला वाटतंय." तेही चष्मा न लावता!

बाराव्यांदा ठसा दाताच्या बरोब्बर मध्ये उमटला. आम्ही असे ओरडलो की समोरचा चहावाला धावत आला, "कोण निवडून आलं?"

काकांनी बाबलला मिठी मारली. मग हळूच म्हणाले, "छान झालं रे. म्हणजे आता गेलीच."

खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवेना. शनिवारी बाबल आम्हाला म्हणाला, "तुमी घराक जावा. मी एकदा उघडून बघतंय."

*

रविवारी दहाला गिऱ्हाईक आलं, गॉगल लावून. काका-काकी बाकड्यावर बसलेले. गिऱ्हाईकाने फर्स्ट टाकला, क्लच सोडला आणि गाडी सुर्रकन मागे! सेकंड टाकला, आणखी जोरात मागे! घाबरून रिव्हर्स टाकला, तर पुढे!

"ये क्या गाडी है?"

"चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड," बाबल शांतपणे म्हणाला. "पण आवाज बघा, अजिबात नाय!"

गिऱ्हाईक जे निघालं ते वळूनही न बघता. काकींनी लगेच मुलाला फोन लावला, "अरे, गिऱ्हाईकच पळालं. आम्ही काय करणार?" पलीकडून हसण्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "राहू दे मग तुमच्याकडेच," तो म्हणाला.

बाबलने बाह्या सरसावल्या. संध्याकाळी पाचला काकांनी फर्स्ट टाकला आणि गाडी पुढे निघाली! ना घरघर, ना खडखड. अख्ख्या गल्लीने शिट्ट्या मारल्या. काका एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने डोळे पुसत होते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ते परत आले.

"बाबल, चाळीस वर्षं झाली तुला या धंद्यात. आणि ही चूक?"

"वय झाला, काका," बाबल भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांकडे पाठ करून हात पुसत राहिला.

काकी काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. पदर सारखा केला, पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि बाबलच्या हातात दिला.

"काकी, पेढे कधी आणलेत?" मी विचारलं.

"कालच," काकी म्हणाल्या.