मुका मार

नेपियरांच्या घरात पोराला आधी गप्प बसायला शिकवत, चालणं मागाहून. चालता येईना तर कुणी कडेवर घेईल, पण भलत्या वेळी बोलता आलं तर सगळं घर तुरुंगात जाईल, असा त्यांचा साधा हिशेब. त्या डोंगरातली इतर घरंही काही शेरीफला चहापाण्याला बोलावणारी नव्हती. पण नेपियर म्हणजे तोंडाला कुलूप आणि किल्ली ओढ्यात.

एस्टिल नेपियरचं कुलूप मात्र एकदा निघालं होतं. सात वर्षांचा होता तेव्हा. त्याचा बाप होबार्ट कोंबड्यांच्या झुंजीत पैज हरला आणि जिंकणाऱ्याचा कान दातांनी तोडून घरी आला. मागोमाग शेरीफ आला. अंगणात एस्टिल एकटाच खेळत होता. शेरीफने त्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली आणि विचारलं, "बाप कुठाय रे, राजा?"

"मक्याच्या खोपटात," राजा म्हणाला.

होबार्ट सुटून आला तो हसत आला. पोराला जवळ बोलावलं आणि एका ठोशात पुढचे दोन दात पाडले. दुधाचे होते, परत आले. बोलणं काही परत आलं नाही. त्या दिवशी रक्ताने भरलेलं त्याचं तोंड ओढ्यावर नेऊन धुतलं ते थोरल्या भावाने, डेन्व्हरने. (डेन्व्हर शहर त्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं, पण नाव ठेवायला शहर पाहावं लागतं थोडंच.) "इथून पुढे कुणी काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचं," डेन्व्हर म्हणाला. एस्टिलने मान हलवली. लोक त्याला मुका म्हणायला लागले.

दोघे भाऊ मोठे झाले ते डोंगरातली जिनसेंगची औषधी मुळी खणत. ती विकत घेणारा क्लीटस रोर्क वजनात मारायचा, हे ओढ्यातल्या बेडकांनाही ठाऊक होतं. एका सकाळी रोर्क आपल्याच दुकानात मरून पडलेला सापडला. तागडीतल्या वजनाने त्याचं डोकं असं फोडलं होतं, की ओळख पटवायला बायकोला त्याचे बूट दाखवावे लागले. मारणारा खिडकीची काच फोडून आत शिरला होता. काचेवर त्याचं रक्त होतं. शेरीफने तो तुकडा कागदी पिशवीत घालून ठेवून दिला.

त्याच पहाटे डेन्व्हर मागच्या पायरीवर बसला होता, मनगटापासून कोपरापर्यंत हात फाटलेला. एस्टिलने जखमेवर घरची दारू ओतली आणि मासे धरायच्या दोऱ्याने टाके घातले. डेन्व्हरने पट्टा दातात धरला. नंतर दोघांनी मक्याची भाकरी आणि घेवडा खाल्ला. कसं झालं हे एकाने विचारलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही. नेपियर होते ना.

पुढे बरीच वर्षं गेली. एका संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात कुणीतरी ग्लास उंचावून म्हणालं, "रोर्कचं वजन डेन्व्हरच्या हाताला बरं बसलं होतं म्हणे." चारजण हसले. एस्टिलने बिलियर्डची काठी उचलली आणि त्या बोलणाऱ्याचा जबडा मोडला. माणूस खाली पडल्यावर काठी उलटी धरली आणि त्याचं कोपर मोडलं. कोपर का, हे न्यायाधीशाने तीनदा विचारलं. एस्टिल समोरच्या झेंड्याकडे पाहत राहिला. सात वर्षं मिळाली.

तुरुंगात गप्प माणसाला मान असतो. पहिल्या महिन्यात दोघांनी त्याला न्हाणीत गाठलं. एकाचं डोकं नळाने फुटलं, दुसऱ्याने पुढे जेवणाची रांग त्याच्यासाठी सोडली. पाच वर्षं अशी सुखात गेली. लवकर सुटकेचा कागदही निघाला. शरद ऋतूत हरणाच्या शिकारीला तो घरी असणार होता. डेन्व्हरने दोघांसाठी नवा कुत्रा आणून ठेवला होता.

आणि तेवढ्यात राज्याने कायदा केला.

आधी फक्त खुनी आणि बलात्काऱ्यांचा डीएनए घ्यायचे. आता गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या सगळ्यांचा घ्यायचा, आत आहेत त्यांचाही. दिल्याशिवाय सुटका नाही, आणि नाही म्हणाला तर वाजवी बळ वापरायचं. ही बातमी बराकीत आणली पर्विसने. पर्विस खोट्या चेकांपायी आत आला होता आणि आत येऊन कायदा वाचत बसला होता. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत, फी म्हणून सुपाची पाकिटं देत.

"करतात काय?" एस्टिलने विचारलं. तो आपणहून बोलला म्हणून शेजारच्या खाटेवरचा उठून बसला.

"काही नाही रे. तोंड उघडायला लावतात, गालात कापसाची काडी फिरवतात. मग ती काडी यंत्रात घालतात आणि राज्यात जिथे जिथे जुनं रक्त जपून ठेवलंय, त्याच्याशी ताडून बघतात."

"माझं कुठे नाही."

"तुझं नसेल. पण भावाचं असेल तर तेही कळतं. सख्ख्या भावांचं रक्त इतकं सारखं, की यंत्र म्हणतं, हा नव्हे, पण याच्याच घरातला बघा."

एस्टिलला काचेचा तो तुकडा आठवला. आयुष्यभर तोंड बंद ठेवलं, आणि आता राज्य म्हणत होतं, बोलू नकोस बाबा, नुसतं तोंड उघड. पुढचं आम्ही ऐकून घेतो.

डोंगरातल्या माणसाचा तंबाखूवर देवाखालोखाल विश्वास. साप चावला, तंबाखू लाव. दाढ दुखली, तंबाखू धर. घोड्याला जंत झाले, तंबाखू चार. मग एवढ्याशा काडीची काय कथा? एस्टिलने चोरून आणलेली तंबाखू सकाळपासून दोन्ही गालांत दाबून ठेवली आणि तो दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला.

नर्स ओपलने काडी फिरवून बाहेर काढली, उजेडात धरली. "मेल्या, ही थुंकी आहे की काकवी?"

एस्टिलने तोंड मिटलं.

काडी गेली आणि काही आठवड्यांनी निकामी म्हणून परत आली. बराकीत तंबाखूचा भाव दुप्पट झाला. खरं तर काडीवर तंबाखूच तंबाखू होती, गाल लागलाच नव्हता. पण तंबाखूने राज्याला हरवलं असंच जो तो सांगू लागला.

हे कानावर गेलं पहारेकऱ्यांच्या कॅप्टन स्पर्लॉकच्या. स्पर्लॉकही त्याच डोंगरातला, फक्त पलीकडच्या उताराचा. त्याने एस्टिलला बराकीतून काढून एका कोठडीत घातलं आणि स्वतः दारात आला. "चूळ भर आणि चल, मुक्या. पंधरवड्यात घरी जाशील."

एस्टिलने मान हलवली. आडवी.

"भावाने कुत्रा आणलाय म्हणे. छान आहे का?"

एस्टिलने गादी उचलून दाराला लावली.

पाच पहारेकरी ढाल घेऊन आले. आत शिरण्याआधी स्पर्लॉक त्यांना म्हणाला, "मुका मार द्यायचा. रक्त नको. रक्त सांडलं की वर उत्तरं देत बसावी लागतात." एस्टिललाही रक्त नकोच होतं. त्या दोघांचं एकमत झालं ते आयुष्यात तेवढंच.

ढालीने त्याला भिंतीत चेपलं तेव्हा त्याची फासळी मोडली. आवाज बाहेर उभ्या ओपलला ऐकू गेला. एस्टिलने खालून एकाच्या गुडघ्यावर लाथ घातली, गुडघा उलटा वाकला. उरलेल्या चौघांनी त्याला पालथा पाडला आणि पाठीत, मांड्यांत, मूत्रपिंडावर गुडघे रोवले. एकाने दंडुका मानेखाली घालून डोकं वर ओढलं. एस्टिलचे ओठ निळे पडले, तरी दात मिटलेलेच.

"जबडा दाब," स्पर्लॉक म्हणाला, आणि कानाखाली दोन्ही बाजूंनी अंगठे रुतवून स्वतःच दाबू लागला. तोंड फटीएवढं उघडलं. त्याने त्या फटीत बोट घातलं. कॅप्टन झाला तरी माणूस किती शहाणा असणार?

नेपियरांचे दात काय करतात हे एका कानाला ठाऊक होतं. आता बोटालाही कळलं. पेरं हाडापर्यंत तुटलं. स्पर्लॉक ओरडला, पण बोट सुटेना.

ओपल काडी हातात धरून दारात उभी होती. "आता याच्या तोंडात काडी घालून उपयोग नाही, कॅप्टन. तुमचंच रक्त आहे तिथे. तुमची एखादी जुनी भानगड निघायची."

कुणी हसलं नाही. स्पर्लॉकने दुसऱ्या हाताने एस्टिलचे केस धरले आणि त्याचं तोंड गुडघ्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा, मग बोट सुटेपर्यंत. डाव्या डोळ्याखालचं हाड खचलं. नाक फुटलं आणि सिमेंटवर धार लागली.

आणि ओपल खाली बसली, नाकाखालच्या ताज्या थारोळ्यात तिने दोन काड्या बुडवल्या आणि नळीत घातल्या. "झालं. तोंडाचं कामच नव्हतं."

चौघे अंगावर बसलेले असताना एस्टिलने मान वळवली आणि फुटलेल्या गालाने फरशीवरचं रक्त पुसायला सुरुवात केली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पुसण्यापेक्षा जास्त सांडत होतं. त्याला थांबवायला कुणी हातही लावला नाही.

डावा डोळा गेला. अधिकाऱ्याचं अर्धं बोट गेलं म्हणून तीन वर्षं वाढली, सुटकेचा कागद रद्द झाला. एकांतकोठडीत तो एकच वाट पाहत होता, डेन्व्हरला धरल्याच्या बातमीची. हिवाळा गेला, बातमी आली नाही. बराकीत परतल्यावर त्याने पर्विसला गाठलं.

पर्विस टक्कल खाजवू लागला. "त्याचं काय झालं, मुक्या. आपल्या राज्यात यंत्राने फक्त तोच माणूस सापडला तर सांगायचं. भाऊबंदांचं दिसलं तरी सांगायचं नाही, तसा नियमच आहे. पलीकडच्या राज्यात सांगतात. मी आधी तिकडे आत होतो ना, पुस्तक तिकडचं वाचलेलं."

म्हणजे सीमेवरच्या नदीअलीकडे रक्ताला नातलग नव्हते, नदीपलीकडे होते. एस्टिलने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि वकीलसाहेबांचा हात खाटेच्या दांडीवर ठेवून मोडला. चेक लिहायचा हात होता. समाजाचं फार नुकसान झालं नाही.

वसंतात डेन्व्हर भेटीला आला. टेबलापलीकडे बसला, भावाचा डोळा पाहिला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "कशापायी रे एवढं? एक काडी तर द्यायची होती."

कोपऱ्यात स्पर्लॉक उभा होता, अर्ध्या बोटाचा हात पट्ट्यात खोचून. एस्टिल पुढे वाकला. "रोर्कच्या काचेवरचं रक्त," तो पुटपुटला. "तुझ्यावर आलं असतं."

डेन्व्हरने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. मग हसला, खांदे हलवून हसला. "तो हात? अरे येड्या, ते शेजारच्या म्हातारीचं डुक्कर पळवायला गेलो होतो, तारेच्या कुंपणावर फाटला. विचारायचं तरी."

इतकी वर्षं, तो डोळा, हरणं, कुत्रा. एस्टिलची मूठ टेबलावरून गेली ती सरळ भावाच्या नाकावर बसली. हाड मोडल्याचं दोघांनाही कळलं. डेन्व्हर खुर्चीसकट मागे पडला. स्पर्लॉकने धावत येऊन एस्टिलला मानेला धरून टेबलावर दाबलं, उरलेला डोळा भावाच्या बाजूला.

त्या डोळ्याने त्याने पाहिलं. डेन्व्हर उठला, पण मारायला आला नाही, शिवीही दिली नाही. टोपी नाकाखाली गच्च धरून तो गुडघ्यांवर बसला आणि शर्टाच्या टोकाने फरशी पुसू लागला. एकेक थेंब. खुर्चीचा पाय पुसला. टेबलाची कड पुसली. एस्टिलच्या मुठीवरचं रक्तसुद्धा पुसलं, लहानपणी ओढ्यावर त्याचं तोंड पुसलं होतं तितक्याच मायेने. कुंपणावर हात फाटलेला माणूस असं पुसत नाही. असं पुसणं एस्टिलने एकदा स्वतः केलं होतं.

डेन्व्हरने वर पाहिलं. आता तो हसत नव्हता.

"हा काय करतोय?" स्पर्लॉकने एस्टिलच्या मानेवरचा हात आवळला. "नाक फुटलंय आणि फरशी काय पुसतोय?"

एस्टिलने टेबलाला गाल लावूनच तोंड उघडलं.

"आईने वळण लावलंय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात घाण करायची नाही."