‘हिरवा चुडा’ची भिंत

“भिंत पडलीच पाहिजे,” केतकी म्हणाली.

“भिंत पडता कामा नये,” वाबळे सर म्हणाले.

आणि भिंत बनवणारा मी, दोघांच्या मधे बसून चहा पीत होतो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी नेपथ्यकार. रंगमंचावर तुम्हाला जे घर, देऊळ, पोलीस स्टेशन दिसतं ते सगळं खोटं असतं आणि ते खोटं मी करतो. लाकडी चौकट, तिच्यावर पातळ प्लाय, वरून रंग. अशा भिंतीच्या एका तुकड्याला आम्ही फ्लॅट म्हणतो. राहायचा फ्लॅट वेगळा, तो मला अजून जमलेला नाही. हा फ्लॅट आपणहून उभा राहत नाही. मागून तिरक्या लाकडांचा टेकू द्यावा लागतो, त्याला ब्रेस म्हणतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल. माझं वर्कशॉप केडगावला आहे, वय पासष्ट, आणि नगरच्या नाटकवाल्यांत लहानथोर मला भानूमामाच म्हणतात.

नाटकाचं नाव ‘संगीत हिरवा चुडा’. भुताचं नाटक, आणि त्यात भुतं गातात. लिहिलं होतं वाबळे सरांनी. सर केमिस्ट्रीचे प्रोफेसर, आता रिटायर. लग्नाच्या दिवशीच मेलेली नवरी हडळ होऊन आपला चुडा शोधत सासरी येते आणि चौदा पदं म्हणते, अशी गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वी त्याचे तीन प्रयोग जाहीर झाले. झाला एक. तोही अर्धा.

त्या दिवशी झालं असं. दुसऱ्या अंकात नवरा पलंगावर मरून पडलाय. मागच्या भिंतीतलं दार उघडून हडळीने यायचं आणि ‘आले मी, आले मी, आले’ हे पद म्हणायचं. पेटी वाजली, तबला वाजला, दारामागून आवाजही आला, “आले मी, आले मी, आले.” बाई काही आल्या नाहीत. पेटीवाल्याने पुन्हा सुरुवात घेतली. पुन्हा “आले मी.” पब्लिकमधून कुणीतरी ओरडलं, “मग ये की!” सात वेळा असं झालं. आठव्या वेळी बाईंनी खांदा लावला आणि दाराऐवजी अख्खी भिंतच पुढे आली, बाईंसकट, थेट पलंगावर. मढं “अगं आई गं” म्हणून ओरडलं. पडदा पाडला तरी लोक अर्धा तास हसत होते.

तेव्हापासून नगरच्या नाटकवाल्यांत कुणाचं काही फसलं की म्हणतात, “पार हिरवा चुडा झाला.” लग्न मोडलं, हिरवा चुडा. बोअरला पाणी लागलं नाही, हिरवा चुडा. सरांच्या जिव्हारी लागायचं ते ऐकून.

हडळ होत्या शैलाताई. राहुरीच्या एका शाळेत संगीत शिकवायच्या. काय आवाज होता! दारामागे एक कडी असते. वाऱ्याने दार आपोआप उघडू नये म्हणून ती लावून ठेवतात, आणि एंट्रीच्या आधी नटाने हाताने काढायची असते. त्या वेळच्या दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत निकाल दिला, “शैला कडी काढायला विसरली.” शैलाताई तशाच राहुरीला निघून गेल्या. परत स्टेजवर उभ्याही राहिल्या नाहीत.

आणि आता ही केतकी. एमआयडीसीत एका कंपनीत एचआरला आहे आणि उरलेल्या वेळात नाटक करते. तिने वडिलांकडून हा किस्सा ऐकलेला. तिला वाटलं, एवढं गाजलेलं पडेल नाटक आपल्या गावचं, ते पुन्हा का करू नये? तिने बॅनरच लावला, ‘भिंत पुन्हा पडणार!’ आणि खाली बारीक अक्षरात नाटकाचं नाव. वाबळे सर तो बॅनर वाचून तसेच स्कूटर फिरवून वर्कशॉपला आले होते.

“लोकांनी घाबरायला पाहिजे, केतकी. हसायला नाही.”

“सर, लोक यायला तर पाहिजेत आधी!”

कास्टिंग सावेडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. मला मापं घ्यायला बोलावलेलं, पण मी मजा बघायला थांबलो. हडळ व्हायला कुणी तयार होईना. एक सूनबाई सासूला घेऊन आल्या. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सुनेला हडळ नका करू हो. लोक मलाच नावं ठेवतील. दुसरं काही द्या.”

केतकी म्हणाली, “दुसरं फक्त सासूचं काम उरलंय, काकू.”

“मग ते मी करते,” सासूबाई म्हणाल्या. आणि केलं की! झकास केलं.

मढ्याच्या कामाला पाथर्डीकडचे पोपटराव आले. मोठे बागायतदार, नाटकाचा नाद. सोबत बायको.

“आमी लई गप पडून ऱ्हातो,” पोपटराव म्हणाले. “घरच्यांना इचारा.”

“व्हय,” बायको म्हणाली, “तेवढं एकच काम येतंय. उठवून बी उठत न्हाई.”

लगेच सिलेक्शन झालं.

हडळीसाठी केतकीने शेवटी शैलाताईंचाच नंबर शोधून काढला. बाईंनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा फोन कट केला. आणि दोन दिवसांनी एसटीने सरळ माझ्या वर्कशॉपला हजर! केस पांढरे, बाकी ताठ तशाच.

“भानुदास, दार दाखव.”

मी दाखवलं. त्यांनी कडीवरून हात फिरवला.

“ही जरा मोठी कर. अंधारात हाताला लागली पाहिजे. म्हणजे मी काम करणार असं नाही. पण कुणीही केलं तरी.”

“करतो.”

“अरे, मी त्या दिवशी कडी काढली होती की नाही, मला अजून कळत नाही बघ. हाताला आठवतं काढल्याचं. पण सगळे म्हणाले नाही काढली. मग मलाही वाटायला लागलं, नसेल काढली. एवढंसं ध्यानात राहत नाही त्या बाईने चौदा पदं कशाच्या भरवशावर म्हणायची, सांग बरं?”

 नगरमध्ये, नव्हे जगात, खरं काय झालं ते एकाच माणसाला माहीत होतं. तो म्हणजे मी.

फ्लॅट टेम्पोतून नेताना त्यातलं दार हलतं, आपटतं, बिजागरी उचकटते. म्हणून आम्ही मागच्या बाजूने, खाली पायाजवळ, दार आणि चौकट दोन्हींवर एक आडवी पट्टी ठोकतो. थिएटरला उतरलं की पहिलं काम ती पट्टी काढायची. त्या दिवशी टेम्पो पंक्चर झाला, पोचायला उशीर झाला. घाईत मी पट्टी काढलीच नाही. दोन ब्रेस लावायच्या तिथे एकच लावली. मागे अंधार, त्यात बाईंची नऊवारी, त्यांना पायातलं काय दिसणार? पडदा पडला तसा मी गोंधळात पट्टी उचकटली आणि टेम्पोत भिरकावली. दिग्दर्शक कडीचं बोलत होता. मी नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेलं. गप्प बसलो.

“शैलाताई,” मी म्हणालो, “कडी काढली होती तुम्ही.”

“तुला काय माहीत?”

सगळं सांगितलं. शैलाताई फळीवर बसून ऐकत होत्या. मग एवढंच विचारलं, “खिळे किती होते?”

“चार.”

“चार खिळे मारलेस, आणि पंचवीस वर्षं तोंड शिवून बसलास?”

त्यानंतर त्या जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. आयुष्यभर मुलांना प्रार्थना शिकवणाऱ्या बाईंकडे इतके शब्द असतील असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मशीन बंद करून ऐकलं. मी मान खाली घालून उभा होतो. लाज वाटत होती, आणि खरं सांगतो, बरंही वाटत होतं.

शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, “काम करते मी. पण तिसऱ्या घंटेआधीची घोषणा तू करायची.”

नाटक सुरू होण्याआधी माईकवरून लेखक कोण, दिग्दर्शक कोण, नेपथ्य कुणाचं, हे सांगतात. ती घोषणा. त्यात काय सांगायचं ते मला न विचारता कळलं.

“आणि ती पोरगी भिंत पाडणार म्हणतेय ना? पाडा. पण माझं पद होईपर्यंत नाही. मी सांगेन तेव्हा.”

हे मी केतकीला सांगितलंच नाही. म्हटलं, उगाच कशाला!

भिंत अशी केली. ब्रेस आणि फ्लॅट जोडायला खिळ्यांऐवजी सैल पिना, पिनांना दोरी, दोरीचं टोक विंगेत माझ्या हातात. ओढली की ब्रेस सुटणार आणि फ्लॅट पुढे झोपणार. पडेल ती जागा खडूने आखली. पलंग त्याच्या हातभर अलीकडे, पब्लिकच्या बाजूला.

“पोपटराव, आवाज मोठा होईल. हलायचं नाही.”

“आमी मेल्यालो हाय न्हवं? मग कशाला हलतोय!”

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. हॉल गच्च भरलेला. अर्ध्या लोकांनी मोबाईल हातात धरूनच ठेवलेले. मी माईक घेतला.

“लेखक, प्राध्यापक वाबळे. दिग्दर्शन, केतकी. नेपथ्य, भानुदास, म्हणजे मी. या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात दार उघडलं नाही. त्यावर मी पट्टी ठोकली होती आणि काढायची विसरलो होतो. शैलाताईंनी कडी काढली होती. त्यांची काही चूक नव्हती.”

 मग बाल्कनीतून आवाज आला, “मामा, आज काढली का?”

“काढली,” मी म्हणालो.

“नक्की का?”

लोक हसले. विंगेत आलो तर शैलाताई तोंडाला हिरवा रंग फासून डोळे मिटून उभ्या होत्या.  मी दाराच्या पायाशी पुन्हा एकदा हात फिरवून आलो.

दुसरा अंक. पेटी वाजली. “आले मी, आले मी, आले.” आणि दार उघडलं. अलगद, कुरकुर न करता. हसायला तोंड उघडून बसलेले लोक तसेच राहिले.

शैलाताई गायला लागल्या. पण त्यांच्याकडे बघतंय कोण? सगळा हॉल भिंतीकडे बघत होता. आता पडेल, मग पडेल. पंख्याच्या वाऱ्याने प्लाय जरा हलला की “अगं बाई, पडली!” पहिल्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. एक काका उठून मागे जाऊन बसले. हडळीला कुणी भ्यालं नाही, पण माझ्या भिंतीला दोनशे माणसं टरकली होती.

समोरच्या विंगेतून केतकी हातवारे करत होती, ओढा! ओढा! मी तिकडे बघितलंच नाही असं केलं. दुसरं कडवं झालं. तिसरं लागलं. आणि मग एकेक नजर भिंतीवरून खाली उतरायला लागली. मोबाईल मांडीवर आले. बाईंचा आवाज जरा जाडसर झाला होता, पण सूर जागच्या जागी. माझे डोळे भरून आले. शेवटच्या कडव्याला भिंतीकडे बघणारा एकटा मी होतो.

पद संपलं. टाळ्या थांबेनात. त्या थांबेपर्यंत शैलाताई उभ्या राहिल्या. मग बाजूला सरकल्या, विंगेकडे वळल्या आणि मान हलवली.

मी दोरी ओढली.

धाडकन भिंत आली. आखलेल्या जागी, एक बोट इकडेतिकडे नाही. पण पोपटराव! “आयायाया, मेलो!” करत मढं ताडकन उठलं, अंगावरच्या पांढऱ्या चादरीसकट पुढच्या पायऱ्या उतरून पब्लिकमध्ये पळालं. आता मात्र किंकाळ्या उठल्या, खऱ्याखुऱ्या. बायका खुर्च्यांवर चढल्या. वाबळे सर धावत विंगेत आले, मला मिठी मारली. “घाबरले, भानुदास! घाबरले!”

नंतर मेकअप रूममध्ये गेलो. शैलाताई खोबरेल तेलाने रंग पुसत होत्या.

“ताई, माफ केलं का?”

“बघू. पुढचा प्रयोग कुठे आहे?”

“राजूरला.”

“मग तिथेही घोषणा तूच कर.”

राजूरला केली. श्रीरामपूरला केली. खर्ड्याला केली, तेव्हा एक म्हातारी उभी राहून भर हॉलमध्ये ओरडली, “आरं मेल्या, वाटोळं केलंस की बाईचं!” लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. शैलाताईंना आता दुसऱ्या दोन नाटकांची बोलावणी आली आहेत आणि दोन्हीकडे त्यांनी नेपथ्याला माझंच नाव सांगितलंय. घोषणेचं काय, ते मी अजून विचारलेलं नाही.

नवीन पोरं नेपथ्य शिकायला येतात, त्यांना मी एवढंच सांगतो. पट्टी काढायची विसरलात तर त्याच दिवशी सांगा, हळू आवाजात भागतं. उशीर केलात तर माईकवरून सांगावं लागतं.