पूर्वेकडे तोंड करून

डोंबिवलीत हल्ली परदेशातून परतलेल्या माणसाला टाळणं अशक्य झालंय. तो जिन्यात गाठतो, पोळीभाजी केंद्रासमोर गाठतो आणि खिशातून फोन काढून "हे बघ" म्हणतो. बघायला काय असतं? तो स्वतः. मागे कुठला तरी मनोरा नाहीतर धबधबा, तोही त्याच्या खांद्याआड अर्धा गेलेला. पॅरिस कसं वाटलं विचारलं तर उत्तर येतं, "जेवणाची काय सोय होती रे! रोज वरणभात." वरच्या मजल्यावरचे काका इजिप्तला जाऊन आले. पिरॅमिडबद्दल त्यांनी एकच वाक्य काढलं, "ऊन आपल्या कल्याणसारखंच."

असल्या लोकांबरोबर कुठेही जायचं नाही, हे माझं पक्कं होतं. पण आईच्या डोळ्यांपुढे माझं काही चाललं नाही.

तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत चाललेत. ठाण्याच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं झाली, फरक नाही. तिला मधलं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की ती माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघते. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या." बाहेर पडल्या पडल्या आई म्हणाली, "मला बर्फाचा डोंगर बघायचाय." बाबा शहाडच्या एका कारखान्यात होते. तिथून दरवर्षी परदेशी चित्रांचं कॅलेंडर यायचं. एका वर्षी डोंगराचं पान तिनं डिसेंबरपर्यंत उलटू दिलं नव्हतं. घरातल्या चतुर्थ्या चुकल्या, पण पान तेच.

तिला एकट्यानं नेण्याची माझी छाती नव्हती. म्हणून स्वित्झर्लंडची ग्रुप टूर घेतली आणि नको होती तीच माणसं आठ दिवस बोकांडी बसली.

बसमध्ये पुढच्या सीट ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरवाल्यांनी धरलेल्या. ते आमच्याशी असे बोलायचे, की जणू आम्ही शीळफाट्यावर हात दाखवून बस थांबवली होती. बस हलली की "गणपती बाप्पा मोरया". तिसऱ्या दिवसापासून गोरा ड्रायव्हरही बिचारा मोरया म्हणायला लागला. निळंशार तळं दिसलं की ठाणेकर म्हणायचे, "ही तर आपली तलावपाळीच, फक्त भेळवाले नाहीत." मग सगळे तळ्याकडे पाठ करून फोटो काढायचे आणि चकल्यांचा डबा फिरायचा. मी त्यांचे व्हिडिओ काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकायचो. तिकडून हसण्याचा पूर यायचा. सहलीत मला मजा आली ती तेवढीच, हे कबूल करतो.

त्यातही माझं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे विठ्ठलवाडीचं एक जोडपं. बाई कोणी मागो न मागो, सगळ्यांच्या भातावर मेतकूट घालत हिंडायच्या. गृहस्थांचं वायरिंगच्या सामानाचं दुकान. दोन स्वेटर, वर कानटोपी. दिवसभरात चार शब्द बोलले तर शपथ. नेमकं डोंगरावर जायच्या दिवशी त्यांना साठावं वर्ष पूर्ण होत होतं.

सकाळी पहिल्या रोपवेनं आम्ही वर गेलो. वर नुसते ढग. कठड्यापलीकडे काहीही दिसेना. टूर मॅनेजर म्हणाला, "एक तास थांबू, नाही उघडलं तर खाली जेवण तयार आहे." जेवणाचं नाव निघताच निम्म्या लोकांचा डोंगरातला रस संपला, ते फ्रीजवर चिकटवायची चित्रं घ्यायला दुकानात शिरले. आई कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "उघडेल," म्हणाली. "उघडलं की मला सांग हं. नीट सांग, मग मला कडेनं का होईना, धरता येईल."

मी हो म्हणालो.

एवढ्यात विठ्ठलवाडीच्या बाईंनी पिशवीतून ताम्हन काढलं. कुंकू, अक्षता, सुपारी, दिवाळीतला बॅटरीचा दिवा. बर्फावर औक्षण! "पूर्वेकडे तोंड करा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आता पूर्व कुठली? ढगात सूर्याचा पत्ता नाही. कोणी दुकानाकडे बोट केलं, कोणी संडासाकडे. ठाणेकरांच्या फोनमधली सुई गरगरत राहिली. शेवटी टूर मॅनेजरनं तिथल्या एका कामगाराला विचारलं. त्यानं कठड्यापलीकडे हात केला. गृहस्थ तिकडे तोंड करून उभे राहिले.

असला प्रसंग मी सोडणार? त्यांचा चेहरा समोरून हवा म्हणून मी आईपासून दोन पावलांवर, कठड्याला पाठ टेकून उभा राहिलो आणि शूटिंग सुरू केलं. टोपी कपाळावर उतरलेली, त्यामुळे कुंकू लोकरीला लागलं. अक्षता वाऱ्यानं ठाणेकरांच्या गॉगलवर उडाल्या. हसू दाबत मी शूटिंग चालू ठेवलं. बाईंनी पेढा पुढे केला, गृहस्थांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी झूम केलं. खाली काय लिहायचं तेही सुचलं होतं: साठीचं बाळ रडलं.

ते भानावर आले तेव्हा मी मागे वळलो. ढग होता तसाच होता. तासाभरानं टूर मॅनेजरनं सगळ्यांना खाली नेलं.

रोपवेतून उतरताना आई म्हणाली, "मधे उघडलं होतं ना रे? कसा होता?"

"मस्त होता. पांढराशुभ्र. एकदम टोकदार."

"तसा कॅलेंडरवर होता," आई म्हणाली.

समोर बसलेले विठ्ठलवाडीचे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "ताई, पांढरा नव्हता हो. निळा होता. सूर्य त्याच्या मागं ना, म्हणून अंगभर सावली. जांभळाचा डाग धुतल्यावर कापडावर राहतो बघा, तसा रंग. काठ तेवढा पेटलेला." त्यांनी विचारून आईचा हात घेतला, तळव्यावर बोटानं उतार काढला, "इथनं असा चढतो, इथं तुटतो." आई विचारत गेली, ते सांगत गेले. आठ दिवसांत एवढं ते कुणाशी बोलले नव्हते. मी काचेतून खाली बघत राहिलो.

तो व्हिडिओ मित्रांना भयंकर आवडला. मी मात्र फोन नेहमी आवाज बंद ठेवूनच बघतो. डोंबिवलीला परतल्यावर एका दुपारी, आई आत झोपलेली असताना, तो आवाजासकट लावला. पेढ्यासाठी तोंड उघडतं तिथे बाजूनं आईचा आवाज येतो, "अरे, समोर काहीतरी उजळलं बघ. आलं का ते? कसं आहे, सांग ना." ती दोनदा विचारते.

आणि मग माझा आवाज येतो, "थांब गं आई, मधे बोलू नको. रेकॉर्ड होतंय."