पाहिलं की ऐकलं?

‘पाहिलं की ऐकलं?’

जिन्यात कुणी काही सांगायला लागलं, की काकू आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि एवढंच विचारायच्या. आवाजात राग नसायचा, टोमणाही नसायचा. सांगणारा मात्र गडबडायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापाशी अर्धवट बातमी घेऊन जायची सोय नसते. आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीत त्या होत्या.

सगळी नोकरी त्यांनी कोर्टात लघुलेखक म्हणून काढली होती. साक्षीदार बोलायचा आणि काकू टिपून घ्यायच्या. ‘कुणीतरी म्हणालं’ असं साक्षीदारानं म्हटलं की न्यायाधीश हात वर करायचे आणि काकूंची पेन्सिल थांबायची. ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आम्ही त्यांना ‘कोर्टातल्या काकू’ म्हणायचो. पुढं कोर्ट गळून पडलं आणि नुसत्या काकू राहिल्या.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. माझं गाव पैठणकडचं, नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात. काकूंचा मुलगा परदेशात होता आणि काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळं त्यांना कुठं जायचं असलं की माझी स्कूटर असायची. मागं बसून त्या रस्ताभर दुकानांच्या पाट्यांमधलं शुद्धलेखन तपासायच्या.

एकदा माझी बायको त्यांच्याबरोबर गुलमंडीत ब्लाऊजपीस घ्यायला गेली होती. अचानक कुणीतरी पळत आलं आणि पलीकडं दगडफेक झाली म्हणालं. धडाधड शटर खाली यायला लागली. काकूंच्या दुकानदारानंही शटरला हात घातला. काकूंनी त्याला विचारलं, ‘पाहिलं की ऐकलं?’ तो म्हणाला, ऐकलं. ‘मग तो मोतिया रंग दाखवा,’ म्हणून त्या स्टुलावर बसून राहिल्या. दुकानदार घाम पुसत अर्ध्या शटरखाली ताके उलगडत राहिला. दगडफेक झालीच नव्हती, कुणाच्या तरी गाड्याचं भांडण होतं. बायको घरी आली ती हसत आणि थरथरत, दोन्ही एकदम.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचं ठरलं तेव्हा ॲडमिन त्याच झाल्या. आमचे सेक्रेटरी अण्णा म्हणाले, काकू टायपिंग भराभर करतात आणि मराठी स्वच्छ लिहितात, त्यांनीच सांभाळावं. ग्रुप निघाला अण्णांच्या मोबाइलवरून, सांभाळायच्या काकू. हे अण्णा म्हणजे मोठ्या शेतकरी घरातला माणूस. गावाकडं जमीन, शहरात दोन दुकानं, आणि कुणाच्याही अडचणीला धावून जाणारा. काकांना हार्ट अटॅक आला तेव्हा लिफ्ट बंद होती. अण्णांनी त्यांना पाठीवर घेऊन चार मजले खाली आणलं होतं. त्यानंतर काका दोन वर्षं जगले. काकू म्हणायच्या, ही दोन वर्षं अण्णांनी दिली.

ग्रुपवर काकूंचा एकच नियम होता. कुणी काहीही लिहावं, पण खाली स्वतः पाहिलं असेल तर ‘पा.’ आणि नुसतं कानावर आलं असेल तर ‘ऐ.’ असं टाकावं. लोकांनी खूप चेष्टा केली. एका बाईंनी गणपतीच्या शुभेच्छांखालीसुद्धा ‘ऐ.’ लिहून टाकलं. पण हळूहळू सवय झाली, आणि बहुतेक मजकुराखाली ‘ऐ.’च असतं हे सगळ्यांच्या लक्षातही आलं.

मात्र त्या कुणाचं लिहिलेलं पुसत नसत. शहराचं नाव बदललं तेव्हा ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललं. काहींनी एकमेकांची जात काढली, काहींनी पलीकडच्या वस्तीतल्या माणसांविषयी नको ते लिहिलं. मी काकूंना म्हणालो, हे काढून टाका. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ‘तोंड दाबलं की माणूस जिन्यात कुजबुजतो. समोर बोलला तर निदान उत्तर तरी देता येतं.’ आणि मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की ज्याला जे नाव घ्यायचं ते त्यानं घ्यावं, नळाला पाणी दोन्ही नावांनी येत नाहीये. त्यावर सगळे हसले आणि भांडण मिटलं. उत्तर दिलं की माणसं ऐकतात, यावर काकूंचा विश्वास होता. तोवर त्यांना तसा अनुभवही येत होता.

पाणी खरंच आठवडा-आठवडा यायचं नाही. सोसायटी टँकरवर चालायची आणि टँकर रऊफभाईंचा असायचा. वर्षानुवर्षं तेच आणायचे. टाकीत पाइप सोडला की गेटपाशी उकिडवे बसून बिडी ओढायचे आणि काकू दिसल्या की बिडी पाठीमागं लपवायचे. काकू त्यांना विचारायच्या, पाणी कुठल्या विहिरीचं. ते सांगायचे, ‘चाची, मैं भी वहीच पीता.’ मग काकू चहा पाठवायच्या.

त्या उन्हाळ्यात शहराचं वातावरण बिघडलेलं होतं. रोज कुठंतरी मोर्चा, कुठंतरी बंदोबस्त. नेमक्या त्याच दिवसांत सोसायटीतली मुलं आजारी पडायला लागली. उलट्या, जुलाब, ताप. अण्णांच्या नातवाला दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागलं. पोर अगदी निपचित पडलं होतं. अण्णा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होते आणि त्यांच्या मोबाइलवर कुठून तरी एक व्हिडिओ आला. कुठल्या तरी गावात कुणीतरी टँकरमध्ये काहीतरी ओततंय असं त्यात दिसत होतं. खाली लिहिलेलं मी इथं सांगत नाही. ‘हे लोक’ पासून सुरुवात होती, बाकी तुम्हाला कळेल.

अण्णांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. त्याच्या खाली रऊफभाईंचा फोटो टाकला आणि टँकरचा नंबरही. लिहिलं, आपल्या लेकरांना पाणी कोण पाजतंय ते बघा.

काकूंनी लगेच विचारलं, पाहिलं की ऐकलं? अण्णांचं उत्तर आलं, की माझा नातू सलाइनवर आहे तो मी डोळ्यानं पाहतोय, आणि बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे असं तुम्हीच सांगता. त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी कामावर होतो, दुपारच्या सुट्टीत ते वाचलं आणि काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अण्णा घाबरलाय, घाबरलेल्या माणसाचं बोलणं पुसलं तर तो आणखी चिडेल. मी सविस्तर उत्तर लिहितेय. संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलावते, रऊफभाईंनाही बोलावते, समोरासमोर होऊ दे.

काकूंचं उत्तर लांबलचक होतं, मुद्देसूद होतं. ते ग्रुपवर पडलं तोवर तो फोटो कुठल्या कुठं गेला होता.

संध्याकाळ होता होता रऊफभाई नेहमीसारखे टँकर घेऊन आले. काकू त्यांना बैठकीचं सांगायला गेटपाशी गेल्या होत्या. टँकर वळत असतानाच चौकातून दहा-पंधरा पोरं आली. त्यांनी रऊफभाईंना केबिनमधून ओढून काढलं. लोखंडी पान्यानं मारलं. डावा हात टँकरच्या पायरीवर ठेवून मारला. काकू मध्ये घुसल्या तर कुणीतरी त्यांना बाजूला ढकललं आणि ‘आजी, तुम्ही घरात जा’ म्हणालं. म्हणणारा अण्णांचा धाकटा मुलगा विशाल होता. काकूंनी त्याला बारशापासून पाहिलेलं होतं.

टँकरचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडला होता. मी शेंद्र्याहून आलो तेव्हा रस्ताभर चिखल झाला होता आणि काकू गेटच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. मी त्यांना वर चला म्हणालो. त्या म्हणाल्या, आधी दवाखान्यात.

सरकारी दवाखान्यात रऊफभाई शुद्धीवर होते. त्यांची बायको पायाशी बसली होती. काकू जवळ गेल्या आणि काहीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, ‘तो फोटो मी पुसू शकत होते. पुसला नाही.’ रऊफभाईंना ते समजलं की नाही मला कळलं नाही. त्यांनी बायकोला चाचीसाठी स्टूल आणायला सांगितलं.

पोलीस सोसायटीत आले. मारहाण झाली ती संध्याकाळची वेळ, सगळे घरात, निम्म्या गॅलऱ्या गेटकडं तोंड करून. पण कुणी आंघोळीला गेलं होतं, कुणी टीव्हीसमोर होतं, कुणाला आवाज आला पण बाहेर यायचं सुचलं नाही. वर्षभर ग्रुपवर सगळ्या जगाची खबर देणाऱ्यांनी घरासमोरचं काही पाहिलेलं नव्हतं. काकूंनी मात्र सांगितलं, मी पाहिलं. चार जणांची नावं सांगितली. विशालचं नाव पहिलं.

अण्णा त्यांच्याकडं आले तेव्हा मी तिथंच होतो. अण्णांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानंच हात जोडले.

‘काकू, पोरगं लहान हाय माझं. नोकरीची ऑर्डर यायचीय त्याची. नीट दिसलं नाय, एवढंच म्हणा. दुसरं काय नको.’

काकूंनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले. म्हणाल्या, ‘अण्णा, ह्यांना तुम्ही पाठीवर नेलंत ते मी रोज आठवते. तुम्ही माझ्याकडं काहीही मागा. एवढं मागू नका.’

अण्णा रडले. मग डोळे पुसून गेले, आणि त्यानंतर काकूंशी कधी बोलले नाहीत.

काकूंना ग्रुपमधून काढलं ते दुसऱ्याच दिवशी. नवा ॲडमिन आला आणि ‘पा.’, ‘ऐ.’ बंद झालं. कामवाल्या बाईला कुणीतरी काही सांगितलं, ती यायची थांबली. जिन्यात भेटलेली माणसं मोबाइल बघत पुढं जायची. कुणी काकूंना वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. काकूंसारख्या बोलक्या बाईला ते कसं गेलं असेल, हे मी समोरच्या दारातून बघत होतो. संध्याकाळी त्या दार उघडं टाकून पेपर मोठ्यानं वाचायच्या. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. माझी बायको पोळ्या लाटता लाटता मधूनच ‘हो का?’ म्हणायची, आणि त्या पुढं वाचायच्या.

पावसाळ्यानंतर मुलं पुन्हा आजारी पडली. टँकर तेव्हा दुसराच येत होता. प्लंबरनं खणून पाहिलं तर सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीला तडा गेला होता आणि गटाराची लाइन तिच्यात झिरपत होती. ग्रुपवर मजकूर आला, की टाकीची दुरुस्ती झाली आहे, सहकार्याबद्दल सर्व सभासदांचे आभार. मी तो काकूंना दाखवला. त्यांनी वाचून मोबाइल परत दिला.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. तोवर काकूंच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आरोपींच्या वकिलांनी तिथूनच सुरुवात केली. तुम्हाला तेव्हा नीट दिसत होतं का, अंतर किती होतं, ऊन डोळ्यांवर होतं का. काकू एकेक उत्तर देत होत्या आणि मध्येच थांबत होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, काही त्रास होतोय का? काकू म्हणाल्या, नाही साहेब, ती मुलगी मागं पडतेय. स्टेनो मुलीनं चमकून वर पाहिलं. तेवढं एकदाच कोर्टात कुणी हसलं.

मग वकिलांनी विचारलं, त्या ग्रुपच्या ॲडमिन तुम्हीच होता ना? मग तो फोटो सकाळपासून तुम्ही काढून का टाकला नाहीत?

‘माझं चुकलं,’ काकू म्हणाल्या. ‘बोलण्याला बोलण्यानं उत्तर देता येतं असं मी धरून चालले. ज्याचा फोटो होता, तो उत्तर द्यायला ग्रुपमध्ये नव्हताच. हेही लिहून घ्या.’

वकिलांना ते लिहून घ्यायला नको होतं, पण ते लिहिलं गेलं.

त्याचा उपयोग झाला नाही. रऊफभाईंनी साक्षीत सांगितलं, की गर्दी होती, मारणारे कोण होते ते ओळखता येत नाही. समोरच्या बाकावर त्यांचे दोन्ही भाऊ खाली मान घालून बसले होते. एकट्या काकूंच्या साक्षीवर काही टिकलं नाही. सगळे सुटले. बाहेर फटाके वाजले. परत येताना स्कूटरवर मी रऊफभाईंवर चिडून काही बोललो. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, ‘त्याला इथंच राहायचंय रे.’ त्या दिवशी त्यांनी एकही पाटी वाचली नाही.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. मुलगा येईपर्यंत सगळं अण्णांनी केलं. गाडी, सामान, गुरुजी, कशात कमी पडू दिलं नाही. पुढच्या खांद्याला विशाल होता. कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली माणुसकीबद्दल दोन ओळी लिहिल्या, आणि हात जोडलेल्या चिन्हांची रांग संध्याकाळपर्यंत वाढत राहिली. जिथून त्यांना काढलं होतं, तिथंच.

रऊफभाईंना कुणी कळवलं नव्हतं. मी फोन केला. ते चार-पाच दिवसांनी आले, कुणाच्या तरी रिक्षातून. गेटच्या आत आले नाहीत. मी वर चहाला चला म्हणालो तर म्हणाले, ‘नको भाई, हितंच बरंय.’ काकूंच्या बंद गॅलरीकडं पाहत ते बराच वेळ उभे राहिले. ओठ हलत होते. मग मला विचारलं, ‘चाची को तकलीफ तो नहीं हुई ना?’ मी नाही म्हणालो.

तेवढ्यात वॉचमन आला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘साहेब, वरनं फोन आलाय. गेटवर कोण माणूस उभाय म्हणून विचारायलेत.’

‘काकूंकडं आलेत म्हणून सांग,’ मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली, पण वर सांगायला फोन उचलला नाही. रऊफभाईंनी ते ऐकलं असावं. उजव्या हातानं डावा हात सावरत ते रस्ता ओलांडून रिक्षाकडं निघाले होते.