गॅरेजमधलं ताट

"त्याचं ताट गॅरेजमध्येच पाठवा. आत सोवळं आहे."

यजमानांचा आवाज गॅरेजपर्यंत आला. माझ्या हातात वस्तरा होता. पुढ्यात पाटावर त्यांचा मुलगा, अर्धं डोकं भादरलेलं.

मी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात न्हावी आहे. बायको आयटीत. तिच्या व्हिसावर आलो, पण दुकान स्वतःच्या हिमतीवर टाकलं. पाच वर्षं इथे काढली की परक्या माणसालाही नगरपालिकेला उभं राहता येतं. मी इथल्या एका पक्षाकडून उभा राहिलो. मराठी मतं हवी होती. तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मुलाच्या मुंजीला बोलावलं. "सहकुटुंब या. येताना तेवढा वस्तरा आणा." मला वाटलं, मान देतायत. कसला मान! दारातच बायकोला आत घेतलं आणि मला गॅरेजकडे वळवलं. तरी मी गप्प बसलो, मतांसाठी. त्याची मला आजही चीड येते.

ताटाचं ऐकलं आणि हात थांबला.

"मी आत पंगतीला बसणार," मी म्हणालो.

"अरे, भटजी पुण्याहून स्क्रीनवर ताटकळलेत. आधी काम उरक. मतं देतोय ना तुला?"

वयाने माझ्याहून लहान माणूस, आणि अरेतुरे. मी आत निघालो, तर त्याने छातीवर हात देऊन मागे ढकललं. तोल जाऊन मी गर्रकन फिरलो आणि सायकलच्या हँडलवर कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. मग त्याचं उपरणं माझ्या मुठीत होतं, तो भिंतीला चिकटलेला, आणि माझ्या दुसऱ्या हातात उघडा वस्तरा. पोरगं रडत होतं. बायको दारात येऊन थिजली होती. खोटं कशाला बोलू, गळा चिरावासा वाटला. पिढ्यान्पिढ्या यांनी आमच्या वस्तऱ्याखाली बिनघोर मान दिली. आम्ही एकदाही हात चुकू दिला नाही. आणि आमचं ताट बाहेर.

मी वस्तरा मिटला. त्याच्या हातात कोंबला.

"तुमचं पोरगं. उरलेलं तुम्ही भादरा."

मी बायकोला घेऊन त्यांच्या दिवाणखान्यातून, पाहुण्यांच्या मधून, पुढच्या दाराने बाहेर पडलो.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. नाव मागे घे, एकही मराठी मत मिळणार नाही.

पक्षाने माझ्या पत्रकावर 'उद्योजक' छापलं होतं. मी ते बदलायला लावलं. डचमध्ये आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत: न्हावी. आता ते पत्रक मी स्वतः दारोदार टाकतोय, त्याच्या घरापासून सुरुवात करून. पडलो तर पुन्हा उभा राहीन. मत कुणाकडेही मागेन, पण वाकून मागणार नाही.