केलेले गोल, खाल्लेले गोल

तीर्थपुरीच्या एका शाळेत मी खेळ शिकवते. मुलींचा फुटबॉल संघ सुरू केला तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर वहीत लिहीत आले, गोल कुणी केले आणि आपल्यावर किती झाले. यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेला तीन आठवडे राहिले असताना तिन्ही हंगामांची पानं शेजारी ठेवून बसले आणि त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

पहिलं वर्ष धडपडण्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी आम्ही गोल मोजकेच केले, पण खाल्लेही मोजकेच. बरेच सामने बरोबरीत सुटायचे. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर विचारायचे, "मॅडम, तुमच्या पोरी खेळतात का नुसत्या उभ्या राहतात?" ते हसून म्हणायचे, पण मला लागायचं. म्हणून यंदा शाळा उघडल्या उघडल्या, बचावात खेळणाऱ्या आमच्या सगळ्यात दमाच्या मुलीला मी पुढं आणलं. ती दहावीत होती. एकदा चेंडू घेऊन सुटली की कुणाला सापडायची नाही. आम्ही जिंकू लागलो. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढं बोलावून शाबासकी दिली, सरांचं बोलणं थांबलं. आमच्यावर होणारे गोल मात्र दुपटीच्या वर गेले होते, आणि जिंकण्याच्या नादात मी तिकडं बघितलंच नव्हतं.

मग भाकरी थापताना, वर्गावर जाताना मी मनातल्या मनात मुलींच्या जागा बदलत राहिले. नवरा म्हणाला, "जिंकून राह्यल्या नं पोरी? मंग कशाची घालमेल?"

रविवारी उठले आणि जीप धरून घनसावंगीला गेले. पहिली दोन वर्षं आमची गोलकीपर असलेली मुलगी आता तिथं अकरावीला आहे. वडिलांचं शिलाईचं दुकान, सुट्टीच्या दिवशी ती काज-बटणाला बसते. तिच्यापुढं वही ठेवली. तिनं पानं उलटली.

"मॅडम, गोल कुणी केला ते लिवलंय. कुणी होऊ न्हाई दिला, ते कुठं हाय?"

"ते कसं लिहिणार?"

"हां, ते बी बराबर." तिनं दातानं दोरा तोडला. "मागच्या साली माझ्यापर्यंत बॉलच कमी यायचा. जिला तुम्ही यंदा पुढं नेलंय ती माझ्यापुढं उभी राहून सारखी बोलायची. तू डावीकडं सरक, तू हिला सोडू नको. लोक म्हणायचे किपर भारी हाय. मी काय एवढी भारी न्हवते."

"मग तिला परत मागं आणू?"

"तिला विचारलं का?"

विचारलं नव्हतं. पुढं आणतानाही विचारलं नव्हतं. परतताना आमची जीप उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली आणि हळूहळू सरकत राहिली. उतरून चालत जावं असं मला दोनदा वाटलं.

सोमवारी सरावानंतर ती दहावीतली मुलगी बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. "पुन्हा मागं खेळशील का?"

"तुम्ही म्हणाल तर खेळते."

"माझं राहू दे. तुला काय वाटतं?"

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "मागं असताना एक गोल झाला की समदे माझ्याकडं बघायचे. अडवलेले कुणाला दिसायचे न्हाईत. आता कितीबी हुकले तरी एक गेला की आई शेजारी सांगत फिरती." मग हळूच म्हणाली, "मला मागं न्हाई जायचं, मॅडम."

मी तिला पुढंच ठेवलं. एकच मागितलं, की रोज अर्धा तास लवकर येऊन मागच्या दोघींना बोलायला शिकव. त्या नववीतल्या. पहिले काही दिवस त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना. मैदानाच्या कडेनं मी येरझाऱ्या घालत राहायचे. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा बरं, त्या तुमच्याकडंच बघून राह्यल्या."

जालन्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही हरलो. पहिला गोल तिनंच केला होता, नंतर आमच्यावर दोन झाले. शेवटच्या काही मिनिटांत त्या दोघींपैकी ठेंगणी मुलगी बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. पुढं खेळणाऱ्या हिलासुद्धा तिनं मागं बोलावलं. ही धावत आली आणि गोलात जाणारा एक चेंडू हिनं पायानं बाहेर काढला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. "मी मागं असते तर आपण जिंकलो असतो का?"

मुलीचं मन राखायला नाही म्हणावं, असं आधी वाटलं. "माहीत न्हाई गं," मी म्हणाले. "मी पण तोच विचार करतेय."

तिनं मान हलवली आणि उठून त्या ठेंगणीपाशी गेली. दुसरा गोल कुणामुळं झाला, यावर दोघींची जुंपली. ठेंगणी म्हणत होती, तू उशिरा आलीस. ही म्हणत होती, तू उशिरा हाक मारलीस. पुढच्या प्रवाशांनी दोनदा वळून बघितलं. मी त्यांना गप्प करायला उठले, आणि दांड्याला धरून तशीच उभी राहिले, त्यांचं ऐकत. कोण बरोबर आहे ते मला ठरवता येत नव्हतं.